कानाला हात

मॅडमच्या स्कुटीला पुढे अडकवलेल्या पिशवीत दाखलपात्र मुलांचं रजिस्टर आहे, तिळगुळाचा स्टीलचा डबा आहे, हळदीकुंकवाचा करंडा आहे आणि वाण म्हणून आणलेल्या चहाच्या गाळण्यांचा गठ्ठा आहे. गाळण्या जालन्याच्या होलसेल दुकानातल्या, स्वतःच्या पैशानं घेतलेल्या. रजिस्टरच्या शिवणीला सुतळीनं शिसपेन्सिल बांधलीय.

"पेन देत नाहीत का तुम्हाला?" मी विचारतो.

"देतात. बस मागं."

मॅडम म्हणजे माझी धाकटी मावसबहीण. सगळा परिसर तिला मॅडमच म्हणतो, तेव्हा आज दिवसभर मीही तेच म्हणणार. संक्रांत होऊन तीन दिवस झालेत. आज शनिवार, म्हणजे सकाळची शाळा. मी आत्ताच पुण्याच्या ट्रॅव्हल्समधून देऊळगाव राजाला उतरलोय. पंचवीस वर्षांपूर्वी इथूनच लाल डब्यातून गेलो होतो, आता स्लीपर कोचमधून येतो. गाडी अजून चहाच्या टपरीसमोर उभी आहे. काचेवरच्या पट्टीवर वाघोली, चाकण, हिंजवडी. माझ्याबरोबर दहा-बारा जण उतरलेत, त्यांत तीन जोडपी, प्रत्येकाजवळ एकेक झोपलेलं मूल. एका सासूबाईंनी नातवाला शालीत गुंडाळून घेतलंय आणि त्याच्या डोक्यावरून सुनेला हळूच काहीतरी विचारतायत. सून बॅगेची चेन लावत म्हणते, "आई, इथं रस्त्यावर नको ना." मला प्रश्न ऐकू आलेला नाही. येण्याची गरजही नाही, माझ्या आईनं तो मला दहा वर्षं विचारलाय. मला एकच मुलगी आहे. ती पुण्यात शिकते.

आम्ही निघतो. चिखली रस्त्याला नगरपरिषदेच्या निवडणुकीतले फलक अजून उतरलेले नाहीत आणि त्यांच्या पुढ्यात १२ जानेवारीच्या जिजाऊ जन्मोत्सवाच्या कमानी उभ्या आहेत. सिंदखेडराजा इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे जानेवारीत हा सगळा पट्टा भगवा असतो. मग शेतं लागतात. हरभरा घाटे धरतोय, गव्हावर दव आहे, आणि मधे मधे शेडनेटचे पांढरे-हिरवे चौकोन. दरवेळी येतो तेव्हा चौकोन वाढलेले असतात.

गावाचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की शाळा कळेल, शाळा कळली की पट कळेल, आणि पट कळला की वरून पत्र येतं.

पट आहे सतरा. पहिलीत तीन, दुसरीत पाच, तिसरीत चार, चौथीत पाच. दोन खोल्या, दोन शिक्षक. जूनमध्ये चौथीची पाच जातील. वीसच्या आतल्या शाळेत दुसऱ्या शिक्षकाचं पद कायम डळमळतं, दहाच्या आत गेलं की शाळाच डळमळते. २०२३ साली सरकारनं वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली तेव्हा राज्यात अशा साडेचौदा हजारांवर शाळा निघाल्या. त्या जवळच्या मोठ्या शाळेत मिसळून 'समूह शाळा' करायची टूम तेव्हा निघाली, गावोगाव ओरड झाली. तेव्हापासून मॅडमच्या बोलण्यात 'पट' हा शब्द आमच्या आजीच्या बोलण्यात 'पाऊस' यायचा तसा येतो. यायला हवा, आला नाही, यंदा तरी येईल.

व्हरांड्यात उन्हाच्या पट्ट्यात पंधरा लेकरं बसलीत. स्वेटरं, कानटोप्या, एकाच्या पायात आईच्या चपला. दुसरे गुरुजी बाराखडी घेतायत. मी कपाटातलं दाखल-खारीज रजिस्टर चाळत बसतो. जाड पुठ्ठा, कडेला वाळवीनं खाल्लेलं, शाईचं फिकं निळं अक्षर. एकोणीसशे ऐंशीच्या दशकातलं एक पान: पहिलीला एकतीस नावं. पुढचं पान: अठ्ठावीस. निम्म्यांची जन्मतारीख १ जून, उरलेल्यांची १ जुलै. तेव्हा कुणाकडं जन्माचा दाखला असायचा? उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की पोर सहा वर्षांचं झालं, गुरुजी तारीख घालून मोकळे. माझीही तारीख १ जूनच आहे. दरवर्षी त्या दिवशी माझा फोन शुभेच्छांनी भरतो आणि आई म्हणते, तू तर पोळ्याच्या आदल्या दिवसाचा.

एकतीसवरून तीन. हे काही याच गावाचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी पहिल्यांदा झाली १९९२-९३ मध्ये. तेव्हा महाराष्ट्रात एका बाईला आयुष्यात सरासरी २.९ मुलं होत होती. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत आकडा १.७ वर आला. पिढीच्या जागी पिढी उभी राहायला २.१ लागतात. म्हणजे राज्य कधीच त्या रेषेखाली गेलंय, आणि आपल्याकडं अजून लग्नाच्या पंगतीत लोकसंख्येच्या स्फोटावर भाषणं चालतात.

कुंपणापाशी एक गृहस्थ येऊन उभे राहतात. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, खिशाला पेन. मॅडम ओळख करून देते, "आमचे माजी सरपंच." ते हसतात. "माजी काहून झालो ते पण सांगा ना." मग स्वतःच सांगतात. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं की गावच्या निवडणुकीला माणूस बाद. दोन मुलींवर त्यांना मुलगा झाला, कुणीतरी तक्रार केली, पद गेलं. "तो बघा," ते व्हरांड्याकडं बोट करतात, "तिसरीत हाय. मही सरपंचकी गेली, पण मॅडमच्या पटावर एक वाढला."

साडेदहाला शाळा सुटते. मॅडम रजिस्टर काखेत मारते.

या जूनला पहिलीत यायचं तर ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत, म्हणजे २०२० साली जन्मलेली लेकरं. अंगणवाडीच्या ताई आणि आशाताईंकडून मिळालेली यादी मॅडमनं रजिस्टरच्या एका पानावर उतरवलीय. नऊ नावं. मी खांद्यावरून वाचतो. प्रत्येक नावापुढं पेन्सिलीनं बारीक शेरा: चाकण. वाघोली. चाकण. हिंजवडी, तिथंच बालवाडीत. पुढच्या दोघांपुढं 'व्हॅन'. व्हॅन म्हणजे देऊळगाव राजाच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी, सकाळी वेशीपाशी येते. एकापुढं 'कोयता'. उरली दोन.

"आणि मी पाडव्यापर्यंत थांबले तर ही दोन पण व्हॅनवाले नेतील," मॅडम म्हणते. "म्हणून संक्रांतीलाच फिरते. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला कोणी दारातून परत पाठवत नाही."

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, कारण तिनंच मला ती लपवू नको म्हणून सांगितलंय. मॅडमचा स्वतःचा मुलगाही इंग्रजी शाळेत जातो. आणि तोही एकटाच आहे.

गल्लीत तिसऱ्या घराच्या ओट्यावर एक आजी गवार निवडत बसलीय. हिच्या पदराच्या गाठीला किल्ल्यांचा जुडगा आहे. स्वतःच्या घराला तर कुलूपच नसतं. किल्ल्या शेजारच्या तीन घरांच्या. एक कुटुंब वाळूजला, दोन पुण्याला. दिवाळीत आणि बालाजीच्या यात्रेला कुलपं निघतात, मग पुन्हा आजीच्या पदराला. रोज सांजच्याला ती तिन्ही दारांसमोर पाणी शिंपडते. का, असं विचारल्यावर म्हणते, "घराला वाटू नये, आपल्याला टाकलं म्हणून."

"आजी, तुम्हाला लेकरं किती?"

"सात झाली. पाच जगली." गवारीची शीर ओढत ती बोटं मोजते. "पाचाची नातवंडं अकरा. अन् पणतू आतापतोर..." थोडा वेळ लागतो. "चार. त्यातलं एक तिकडं दुबईला. फोनात दिसतंय."

सात, अकरा, चार. गुणाकार सुरू झाला होता, तिसऱ्या पायरीला भागाकार झाला. आमच्या घरातही तेच: आजीची सात, आईची तीन, माझी एक.

मी आजीला दक्षिण कोरियाची गोष्ट सांगतो. तिथं २०२३ साली बाईमागं मुलांची सरासरी ०.७२ वर आली, म्हणजे एकसुद्धा नाही. गंगजिन नावाच्या खेड्यापाड्यांच्या भागात एका प्राथमिक शाळेला २०१९ मध्ये पहिलीला पोरंच मिळेनात, तर त्यांनी गावातल्या निरक्षर आज्यांना पहिलीत घातलं. पाठीला दप्तर लावून, बसमध्ये बसवून.

आजी गवार खाली ठेवते. "मंग घाल ना मह्यं नाव, मॅडम. दुपारची खिचडी बी भेटन."

"पोर्टल घेत नाही हो आजी तुमचं वय," मॅडम म्हणते आणि तिच्या हातावर तिळगुळ ठेवते.

गावकुसाबाहेरच्या दहा-बारा घरांना वेगळी कुलपं आहेत, स्वस्त, गंजलेली. ही माणसं दसरा-दिवाळीच्या आसपास उचल घेऊन ऊसतोडीला गेलीत, पाडव्याच्या पुढंमागं येतील. त्या नवापैकी 'कोयता' शेऱ्याचं लेकरू इथलं. दाराला टेकवलेली मोडकी सायकल त्याचीच असावी. मॅडमच्या पटातलीही दोघं सध्या फडावर आहेत, त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवलंय. कार्ड तिथल्या शाळेत दाखवायचं असतं. दाखवतात का, हे विचारायला मी तोंड उघडतो आणि मॅडमकडं बघून मिटतो.

शहराकडं गेलेल्यांची लग्नं लांबतात, हे सगळ्यांना दिसतं. कोयत्याचं उलट आहे. तिथं नवराबायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात, मुकादम उचल देतो ती जोडीला. एकट्या पोराला अर्धा कोयता धरतात. म्हणून पोराची मिसरूड फुटायच्या आत घरात सून आणायची घाई. अठराच्या आत बोहल्यावर, विशीत दोन लेकरं, लगेच ऑपरेशन. फडावर पाळी आणि अंगदुखी परवडत नाही, खाडा पडला की पैसे कापतात. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. एक हिंजवडीत एकतिसाव्या वर्षी एका मुलावर थांबते, एक पंचविशीच्या आत सगळं उरकून बसते. जनगणनेच्या तक्त्यात दोघी शेजारी-शेजारी बसणार, 'कमी मुलं' या एकाच रकान्यात. तो तक्ता भरायला मॅडमच जाणार आहे म्हणा. या वर्षी घरयादी, पुढच्या फेब्रुवारीत माणसं मोजणं. २०११ नंतर पहिल्यांदाच.

"गावातल्या सगळ्या आया आत्ता शेडमध्ये असतील," ती म्हणते. "चल."

शेडनेटला दोन दारं असतात. पहिलं लावून घेतल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, नाहीतर पांढरी माशी शिरते. आत पाऊल टाकलं की बाहेरचं ऊन गाळून आल्यासारखं मऊ होतं. वीस गुंठ्यांत टोमॅटोच्या ओळी, वरच्या तारेला सुतळीनं टांगलेल्या, माझ्या खांद्यापर्यंत. हे टोमॅटो खायचे नाहीत. हे बियाण्याचं पीक आहे. जालन्याच्या आणि बाहेरच्या बियाणे कंपन्या मूळ बी देतात, देऊळगाव राजाच्या आसपासची गावं त्यातून संकरित बी करून देतात, आणि ते बी देशभर किलोवर नाही तर ग्रॅमवर विकलं जातं.

दहा बायका ओळींमधून सरकतायत. तोंडाला रुमाल, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट. कुणी मान वर करत नाही, कारण वेळ थोडा आहे. थंडीत ऊन चढल्याशिवाय काम सुरू होत नाही आणि दुपार झाली की फूल घेत नाही. मी एकीच्या हाताकडं बघत राहतो. काल दुपारी तिनं याच ओळीतल्या मिटलेल्या कळ्यांमधली नराची पिवळी नळी चिमट्यानं अलगद उपटून ठेवलीय. आज ती फुलं उमलून पिवळीधमक झालीत, मधे फक्त मादीची हिरवट काडी, केसाएवढी. बाईच्या बोटात प्लॅस्टिकची अंगठी आहे, अंगठीला खड्याच्या जागी इवलीशी वाटी, वाटीत नराच्या झाडाचं पॉलन. ते रात्री दिव्याच्या उबेला वाळवून, कापडातून चाळून ठेवतात. ती फूल दोन बोटांत धरते, काडीचं टोक वाटीत टेकवते, सोडते. मग देठाशी असलेल्या हिरव्या पाकळ्यांतल्या दोन नखानं खुडते. ही खूण: झालं. एका फुलाला तीन-चार सेकंद. पुढचं फूल. पुढचं.

ज्या फळाच्या देठाशी सगळ्या पाकळ्या शाबूत दिसतात ते फळ आपल्या मनानं धरलेलं. बायका त्याला 'सेल्फ' म्हणतात आणि तोडून टाकतात. एक जरी राहिलं तरी सँपल फेल होतं, वर्षाची मेहनत मातीत.

"मॅडम, वाण आणलं का?" ओळीच्या टोकावरून आवाज येतो.

"आणलं. आधी सांगा, पोरगी कुठं घालताय?"

हसणं होतं. हात थांबत नाहीत. मॅडम ओळीत शिरून एकेकीला हळदीकुंकू लावत जाते. लावून घेणारी फक्त कपाळ पुढं करते, पॉलनचे हात मागं ठेवून. मी दाराशी उलट्या बादलीवर बसतो. पुरुषासमोर या विषयावर बोलणं होईल असं मला वाटलेलं नसतं. पण दहाच मिनिटांत त्या मला विसरतात.

ज्या बाईच्या हातांकडं मी बघत होतो तिला दोन मुली आहेत. दुसरीच्या वेळी सासू म्हणाली, अजून एक बघू. नवरा चाकणला कंपनीत, महिन्यातून एकदा येतो. "म्या दवाखान्यातच ऑपरेशनचा कागद भरला," ती सांगते. "सासू बोलना झाली चार महिने. म्हणलं, बोलू नका. पण तिसऱ्याला कानाला हात." हात मोकळे नाहीत म्हणून ती खांदा उचलून कानाला लावते. शेजारची हसते, "अन् नवऱ्यानं काहून नाही केलं गं?" यावर दहाही जणी इतक्या मोठ्यानं हसतात की तारा हलतात. पाहणीचे आकडेही तेच सांगतात, जरा कमी हसून. राज्यातल्या जवळजवळ निम्म्या विवाहित बायकांनी नसबंदी केलेली आहे, पुरुषांचं प्रमाण शंभरात एकसुद्धा नाही.

"एकीला शिकवायला किती लागतं, मॅडम, तुम्हीच सांगा," तिसरी म्हणते. "व्हॅन, ड्रेस, ट्यूशन. मह्या मायनं आम्हा पाचजणींना एका दप्तरात शिकवलं, एकीचं झालं की दुसरीला. आता पोरगी म्हणते, मला नवीन पाहिजे. तिचं काय चुकलं?"

"मग आमच्याकडं पाठवा. फुकट आहे. पुस्तकं, ड्रेस, जेवण सगळं."

"फुकट हाय म्हणूनच ना," ती म्हणते, आणि तिला काय म्हणायचंय ते सगळ्यांना, मॅडमलाही, समजतं.

एवढ्यात शेडचा मालक ठिबकचा पाइप घेऊन येतो. बत्तीस वर्षांचा असेल. बीएस्सी ॲग्री, अडीच एकर, दोन शेड, एक छोटा ट्रॅक्टर, आणि लग्न नाही. बायका त्याच्यासमोर गप्प होत नाहीत, उलट रंगात येतात. "दादासाठी पोरगी बघा ना पुण्याची," एक मला म्हणते. तो कान लाल करून पाइप जोडत राहतो. जरा वेळानं बादलीशेजारी उकिडवा बसतो.

"भाऊ, अठरा स्थळं झाली. मुलीचा बाप विचारतो, पुण्यात फ्लॅट आहे का? महा वर्गमित्र चाकणला ठेकेदाराकडं आहे, कायम नाही, काही नाही. वर्षाला जेवढं त्याला मिळतं तेवढं मी एका शेडमधून काढतो. त्याचं लग्न झालं."

मुलींचं चुकतं असं मला म्हणवत नाही. या शेडमधल्या उकाड्यात उभं राहून कोणती आई आपल्या मुलीला इथंच दे म्हणेल? आणि मुळात मुली आहेत किती? २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८५५ मुली होत्या. त्याच्या दहा वर्षं आधी ९०८ होत्या. त्या दशकात सोनोग्राफीच्या खोल्यांमध्ये ज्यांना येऊ दिलं नाही, त्या आज लग्नाच्या वयाच्या झाल्या असत्या, पुढं त्यांची लेकरं झाली असती, त्यातली चार-दोन मॅडमच्या रजिस्टरात असती. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू पोरांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला होता. पेपरांनी चेष्टेच्या सुरात बातम्या दिल्या. मोर्चेकऱ्यांची मागणी मात्र गर्भलिंगनिदानाचा कायदा कडक राबवा अशीही होती, हे थोड्यांनीच मथळ्यात घेतलं.

"तुमच्या गावात बाहेरून सुना आणल्यात म्हणे," मी विचारतो.

तो डोळ्यांनीच चौथ्या ओळीकडं दाखवतो.

ती सातपुड्यातली. मध्य प्रदेशातल्या सेंधव्याच्या पलीकडचं गाव. मधल्या माणसानं जमवलं, मुलाकडच्यांनीच लग्नाचा खर्च केला, किती ते ती सांगत नाही आणि मीही विचारत नाही. सात वर्षं झाली. आली तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता, आता सासूशी भांडण्याइतपत येतं, असं ती स्वतःच म्हणते. रजिस्टरात उरलेल्या दोन नावांपैकी एक तिच्या मुलाचं. मॅडम तिला दोन गाळण्या देते.

"तुम्ही किती भावंडं?"

"आठ."

"आणि तुम्हाला?"

"हा एक. आणखी एक झाला की बंद." खुडलेल्या दोन पाकळ्या ती बोटावरून झटकते. "आईला सांगितलं तर रडली. म्हणाली, तिकडं तुला काय खायला देत नाहीत का?"

परदेशांतले अभ्यासक शाळेच्या रजिस्टरऐवजी देशांचे तक्ते घेऊन बसतात आणि सांगतात की बाहेरून आलेल्यांची कुटुंबं पहिल्या पिढीत मोठी असतात, पुढच्या पिढीत ती स्थानिकांसारखीच होतात. इथं पुढच्या पिढीची वाट बघावी लागलेली नाही. सात वर्षं आणि एक शेडनेट पुरलं.

साडेअकरा वाजतात. वाट्या रिकाम्या होतात, अंगठ्या उतरवून एका डब्यात टाकल्या जातात. मॅडम रजिस्टर उघडते. दोन नावं तिथंच आहेत, वाढलेलं काही नाही. ती सातपुड्याच्या सुनेकडं वळते. "मागं कोणाच्या झोपड्या आहेत?"

शेडच्या मागं, विहिरीच्या काठी, ताडपत्रीच्या तीन झोपड्या आहेत. हरभरा काढायला आणि शेडातल्या कामाला आलेली बारेला कुटुंबं, सेंधव्याकडचीच. दिवाळीनंतर आलीत. मातीत पाच-सहा पोरं टोमॅटोचे सेल्फ एकमेकांना फेकून मारतायत. शेडमधून तोडून टाकलेली तीच हिरवी फळं. मॅडम उभी राहून त्यांच्याकडं बघते. या नजरेला काय म्हणतात मला माहीत नाही, पण बाजारात गाईच्या दाताकडं बघणाऱ्या माणसाची अशी असते.

सून मधे उभी राहून बोलणं पुढं-मागं करते. चुलीजवळ बसलेली आई ऐकते, मान हलवते, मग बोलते. किती दिवस राहणार? होळीला घरी जातील, भगोऱ्याला. पुन्हा येतील का? बोलावलं तर पावसाळ्यात येतील. आधार आहे? मोठ्याचं आहे. जन्माचा दाखला?

आई हसते. सून सांगते, "मक्का कापत होते तेव्हा झाला म्हणे. कोणत्या वर्षीचा मक्का ते तिला आठवत नाही. कोरोनाच्या पहिलं, असं म्हणते."

"होळीला गेली तर?" मी मॅडमला विचारतो.

"खोडरबर आहे," ती म्हणते आणि सुतळी ओढून पेन्सिल हातात घेते. मग मला समजतं.

दोन पोरं सरळसरळ सहाची दिसतात. एक उंच, पुढचे दात पडलेला, दुसरा त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा. मॅडम नावं विचारते, दोन ओळी भरतात. तिसरी एक मुलगी, नाकाला शेंबूड, हातात हिरवा टोमॅटो, दोघांच्या मागून पुढं येऊन उभी राहते. तिला कुणी बोलावलेलं नाही.

मॅडम स्वतःचा उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरून दाखवते. "असं कर. असं."

मुलगी टोमॅटो डाव्या हातात घेते, उजवा हात डोक्यावर टाकते. बोटं केसांवरून सरकत पलीकडं उतरतात आणि कानाच्या वर दोन बोटं अंतरावर थांबतात. ती आणखी ताणते. पोरं हसायला लागतात. चुलीपासची आई उठून उभी राहते.

मॅडम खाली वाकते, एका बोटानं मुलीची हनुवटी हळूच डावीकडं कलती करते.

"हं. आता बघ."